गांडुळाचं पाऊल

फार पूर्वी रानात साथ आली आणि बाजार ओस पडला. राजाने जमीन कसणाऱ्यांना मदत जाहीर केली. ओल्या मातीत पाऊल उमटवायचं, धान्याची टोपली न्यायची.

घरी पोरं उपाशी, म्हणून गांडूळही रांगेत आलं.

"पाऊल?" कारकून बगळ्याने विचारलं.

"पायच नाहीत, साहेब. मी अंगानेच नांगरतो."

"मग शेतकरी कसला?"

गांडूळ माघारी वळलं. मागे खेकडा होता, सगळ्यांचे पाय ओढण्यात पटाईत.

"तुझ्यापुढे मी कायम हरलो गड्या, ओढायला काही नाहीच!" म्हणत त्याने आपला एक पाय मातीत दाबला. "साहेब, हा आजपासून याचा."

बगळ्याला पाऊल हवं होतं, मिळालं. त्याने टोपली दिली.

तेव्हापासून खेकडा तिरका चालतो. एक पाय सारखा गांडुळाच्या घराकडे वळतो ना!