परातीतलं आभाळ

उंबरगव्हाणच्या खोलजाईच्या देवळात शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि नजर खाली ठेवायची, अशी रीत आहे. सभामंडपाच्या मधोमध एक भली मोठी पितळी परात पाण्याने भरून ठेवलेली असते. नवखा माणूस सवयीने मान वर करू लागतो, तोच कोपऱ्यातून देवळाचे म्हातारे गुरव दगडूनाना कंटाळलेल्या आवाजात म्हणतात, "मान खाली घ्या पाव्हणं. हितलं आभाळ खाली बघायचं असतंय." मग तो परातीत वाकतो आणि समयांच्या उजेडात त्याला पाण्यात काळंनिळं आभाळ दिसतं. मृग आणि त्याच्या पोटातला बाण दिसतो, कृत्तिकांचा पुंजका दिसतो, सप्तर्षी दिसतात. सप्तर्षींना इकडे म्हातारीची बाज म्हणतात. चार चांदण्यांची बाज आणि ती ओढून न्यायला निघालेले तीन चोर. पाहुणे हरखतात, फोटो काढतात आणि हे असं का, म्हणून विचारतात. हेच सांगून सांगून नानांचा जीव विटला आहे. तरी ते भिंतीला पाठ टेकतात आणि सांगू लागतात.

खोलजाईला पूर्वी म्हणे डोक्यावर छप्पर चालत नसे. ती उघड्यावरची देवी. पण पावसाने तिचं नाक झिजलं, डोळे पुसट झाले, तेव्हा गावाने देऊळ बांधायचं ठरवलं आणि कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तीनदा लावला, तीनदा डावंच पडलं. अखेर सुभानराव पाटील हात जोडून म्हणाले, "आई, तुझं आभाळ आमी आत आणून देतो. मग तर झालं?" तेव्हा कुठे उजवं फूल पडलं, असं सांगतात.

छतावर आभाळ काढायचं काम आलं हैबती चितारी आणि त्याची बायको गोंदाबाई यांच्याकडे. हैबतीने उभा जन्म देवळांची नि वाड्यांची छतं रंगवण्यात घालवला होता. वेली काढल्या, मोर काढले, हत्तीवरचे राजे काढले. वर बघून बघून मान आखडली आणि म्हातारपणी ती पुढे वाकून जी अडली, ती अडलीच. त्याला आता पाठीवर निजता येत नव्हतं. आभाळ बघून त्याला कित्येक वर्षं झाली होती. आणि नेमकं आता कुणीतरी नुसतं आभाळ मागत होतं! मोर नको, राजा नको. घरी त्याने गोंदाबाईला एवढंच सांगितलं, "ह्ये एक करू दे. मग तू म्हणशील तितं निजून राहीन."

गोंदाबाईही थकलीच होती. नवऱ्याचे रंग वाटून वाटून तिच्या मनगटांत जोर उरला नव्हता. पण नाही कसं म्हणणार? तिने मंडपाचं छत नीळ आणि काजळीने स्वतः सारवून काढलं. मग रोज अंधार पडला की ती अंगणात जाऊन वर बघायची, आत येऊन जमिनीवर तसे खडे मांडायची. मोठ्या चांदणीला मोठा खडा, बारकीला बारका. हैबती खाली बघतच बसलेला असायचा. तो खड्यांकडे बघून विचारायचा, "बाजंचा पाय हितं? आन् चोर किती लांब?" ती पुन्हा बाहेर जायची, पुन्हा आत यायची. खड्यांचं आभाळ पुरं झालं तेव्हा तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्याने डोळे पुसले.

नंतर दिवसाउजेडी गोंदाबाई बांबूंच्या परांचीवर चढली. वरून तिने ओळंब्याची दोरी सोडायची, ओळंब्याचं टोक खड्यावर आलं की खालून हैबतीने "हां" म्हणायचं, आणि तिने तिथेच छतावर चुन्याची चांदणी काढायची. असं एकेका खड्यावरून सगळं आभाळ वर चढलं. तिला परांचीवरून वीतभर छत दिसे, त्याला फक्त जमीन दिसे.

परांची उतरवली त्या दिवशी हैबती दमून ओट्यावर झोपला होता. पाटील आत आले, मान वर करून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "गोंदाबाई, ह्ये काय केलंसा? चोर भलत्याच अंगाला वळल्यात की!" तिने वर पाहिलं. सगळं आभाळ उलटं झालं होतं, डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. वर बघून जे खाली मांडलं, ते उचलून पुन्हा वर नेलं की ठशासारखं उलटणारच. एवढी छतं रंगवली, पण हे दोघांच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण वेलबुट्टीला डावं-उजवं नसतं.

पाटील वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी देवीला शब्द दिला होता. "आईला खोटं आभाळ चालायचं न्हाई. खरवडून पुन्ना काढावं लागंल."

"पुन्ना त्येंच्यानं हुणार न्हाई, पाटील," गोंदाबाई म्हणाली. "माज्यानंबी न्हाई. खरवडलं तर म्हातारं त्या चुन्याबरूबर जाईल." आजची सांज त्याला आपल्या कामाखाली बसू द्या, त्याला काही सांगू नका, एवढंच तिने मागितलं. पाटलांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

सांजेला तिने हैबतीला आत आणलं. समया लावल्या. त्याच्या पायांना चुना लागून टाचा फुटल्या होत्या, म्हणून पाय धुवायला तिने परातीत पाणी आणलं. त्याला काय सांगावं, हे तिला सुचत नव्हतं. नुसतं रडू येत होतं. पाय धुऊन झाले, तिने परातीत स्वच्छ पाणी भरून ती पुन्हा त्याच्यापुढे ठेवली, पाणी निवळलं, आणि हैबती एकदम म्हणाला, "गोंदे, बाज बघ! बेस पडलीय. चोर सुदिक जितल्या तितं."

तिला वाटलं, म्हातारा भ्रमला. ती परातीत वाकली. पाण्यात आभाळ सरळ होतं. अंगणातून दिसतं तसं, अगदी तसंच. तिने वर पाहिलं, उलटं. खाली पाहिलं, सुलटं. मग ती किती वेळ हसत होती आणि किती वेळ रडत होती, ते तिचं तिलाही कळलं नाही, असं सांगतात.

सकाळी हैबती उठायच्या आत ती पाटलांच्या दारात गेली. कौलापुरती देवी मंडपात आणली आणि पुन्हा कौल लावला. गोंदाबाईने परात देवीपुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, तू बसल्याली हाईस. तुजी नजर खालीच. तुला पटतंय का सांग." फूल लवकर पडेना. उभं राहून लोकांचे पाय भरून आले, कुणीकुणी खाली बसलं. उन्हं मंडपात आली तेव्हा उजवं फूल पडलं.

देवी आत बसवली त्या सांजेला सारं गाव जमलं. पाटलांनी दारात उभं राहून प्रत्येकाला बजावलं होतं की आत मान वर करायची नाही, म्हातारा जिवंत आहे तोवर तरी नाही. परातीभोवती माणसं दाटीने वाकली. हैबती पाण्यात बघत होता. मान अडल्यापासून तो माणसं पायांवरून ओळखायचा. पाटलांच्या वहाणा, तेव्हाच्या गुरवाच्या भेगाळलेल्या टाचा, लेकीसुनांची जोडवी. आज पाण्यात, चांदण्यांच्या मधे मधे, त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले. पाटील किती म्हातारे झाले होते! एकेका चेहऱ्याकडे बघून तो नाव घेत होता आणि ज्याचं नाव घेई तो पाण्यात बघूनच हुंकार देत होता.

घरी जाताना त्याने विचारलं, "वरतं कसं दिसत हुतं गं?"

"कुणी बघितलंच न्हाई," गोंदाबाई म्हणाली. त्या सांजेपुरतं ते अक्षरशः खरं होतं. हैबतीला कळलं होतं का? काही म्हणतात कळलं होतं, जन्म ओळंब्याशी काढलेला माणूस तो. पुढच्या थंडीत तो गेला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मात्र काही राहिल्याची खूण नव्हती, असं सांगतात.

तो गेल्यावर मान वर करायला गावाला कुणाची आडकाठी नव्हती. पण पहिला कोण बघणार? कुणाचंच मन होईना, आणि पिढ्या उलटल्या. आजही खोलजाईच्या मंडपात कुणी वर बघत नाही. चांदण्यांना नवा चुना लावायचा झाला तरी गवंडी परात खाली ठेवून, पाण्यात बघून हात चालवतात.

गोष्ट संपली की एखादा पाहुणा विचारतोच, "पण नाना, वर खरंच उलटं आहे का हो?"

"मला काय ठावं," दगडूनाना म्हणतात. "हितंच जल्मलो, हितंच म्हातारा झालो. म्या कुटं बगितलंय?" आणि गुडघ्यांवर हात देऊन ते उठतात, परातीत पाणी घालायला.