द्रोणावरचा हात

“पण गुरुजी, ‘इनफ’ला मराठीत नेमका शब्द कोणता?”

हेरंब कुलथे हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. सदोबागुरुजी मठाच्या स्वयंपाकघरात बसून पत्रावळी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुझ्याकडे किती जमलेत?”

“सदतीस.”

“मग?”

“त्यातला एकही बसत नाही...”

सांगायला हवं, हा हेरंब गुरुजींचाच विद्यार्थी. सावरखिंडीच्या शाळेत गुरुजींनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शाळेला लागून असलेल्या मठात वाढपी झाले. हेरंब शहरात प्राध्यापक झाला. आठ वर्षांपूर्वी गुरुजींनी त्याला एकच गोष्ट मागितली. शाळेत इंग्रजी-मराठी कोश एकच, तोही फाटका, ‘पी’नंतरची पानंच नाहीत. पोरांसाठी एक नवा कोश करून दे, म्हणाले.

हेरंबाने ते मनावर घेतलं. इतकं घेतलं, की आठ वर्षांत तो ‘ए’पासून ‘ई’पर्यंत पोचला. गेलं वर्षभर ‘इनफ’वर मुक्काम होता.

त्याने वही उघडली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची. ती तो मांडीवर ठेवायचासुद्धा जपून.

“हे बघा. ‘बस’मध्ये वैताग येतो. ‘पर्याप्त’ला सरकारी कागदाचा वास. ‘रगड’ म्हटलं की जास्तच झालं. ‘पोटभर’ फक्त जेवणाला चालतो, ‘कामापुरतं’ फक्त कामाला. आणि ‘पुरे’... ‘पुरे’ तर कुणीही लिहील.”

“कुणीही लिहील असा शब्द पोरांना कळेल.”

“पण विद्वान काय म्हणतील, गुरुजी?”

गुरुजींनी एक पत्रावळ डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे धरली, पुसली, बाजूला ठेवली.

“डॉक्टर काय म्हणाले?” हेरंबाने जरा खालच्या आवाजात विचारलं.

“काचबिंदू. डावा गेला. उजवा वर्षभर चालेल म्हणतात.” त्यांनी पुढची पत्रावळ घेतली. “तेवढ्यात तुझा कोश वाचून होईल असं वाटलं होतं.”

हेरंब वहीचा कोपरा उलगडत राहिला.

“चल, जेवून घे,” गुरुजी म्हणाले. “आज गुरुवार. खीर आहे.”

मीही मठातला वाढपी; त्या पंगतीत मीठ-लिंबू वाढत होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

गुरुवारी मठात दोन पंगती बसतात. पहिली पाहुण्यांची आणि गावकऱ्यांची. दुसरी शाळेतल्या पोरांची, मधल्या सुट्टीत. पानात काही टाकायचं नाही, ही मठाची जुनी शिस्त. हेरंबाला ती ठाऊक होती, आणि आपण पान चाटूनपुसून उठतो याचा त्याला लहानपणापासून अभिमान होता.

गुरुजी खिरीची बादली घेऊन आले. गव्हाची खीर, भरपूर गूळ घातलेली.

“खीर?”

“थोडी वाढा.”

ओगराळं बुडालं, द्रोण भरला. हेरंबाने तो संपवला. गुरुजी परत आले.

“पुरे, गुरुजी.”

गुरुजींनी वाढलं. यात त्यांची काही चूक नाही. आपल्याकडे पंगतीत ‘पुरे’ म्हणणाऱ्याला वाढलं नाही, तर वाढप्यालाच नावं ठेवतात.

हेरंबाने तेही संपवलं. गुरुजी पुन्हा उभे.

“बस. बस, गुरुजी.”

गुरुजींनी वाढलं.

“भरपूर झालं, खरंच.”

गुरुजींनी वाढलं. आता खीर द्रोणातून भातात उतरायला लागली. हेरंबाच्या कपाळावर घाम आला होता. शेजारचा गुरव पान सोडून त्याच्याकडेच बघत बसला.

“पर्याप्त आहे,” हेरंब म्हणाला.

मठाच्या पंगतीत हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला असावा. गुरव हसला. गुरुजींनी गंभीर चेहऱ्याने वाढलं.

हेरंब जेवत राहिला. पानात टाकायची सोय नव्हती. मला हसू येत होतं आणि त्याची थोडी दयाही येत होती.

गुरुजी सहाव्यांदा आले. बादली वाकली.

या वेळी हेरंबाचं तोंड भरलेलं होतं. बोलता येईना. त्याने नुसता हात द्रोणावर आडवा धरला.

ओगराळं तिथेच थांबलं. खिरीचा एक जाड थेंब त्याच्या हाताच्या पाठीवर पडला.

गुरुजी पुढच्या पानाकडे वळले.

हेरंब स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. घास गिळला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“गुरुजी, सापडला. अडतिसावा.”

उजवा हात उष्टा होता. त्याने डाव्या हाताने पिशवीतून वही ओढली, डाव्याच हाताने पेन धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखी मोठीमोठी वाकडी अक्षरं काढायला लागला.

“हात... आडवा... धरणे.” तो लिहिता लिहिता बोलत होता. “हे कुठल्याच कोशात नाही. शेजारी चित्र द्यावं लागेल. आणि अशा खुणा आणखी असणार, गुरुजी. कुणी मान हलवतं, कुणी पान जरा पुढे सरकवतं... गावोगावी हिंडून गोळा करायला हव्यात. फार तर दोन वर्षं लागतील.”

“दोन वर्षं,” गुरुजी म्हणाले.

“फार तर.”

गुरुजींनी बादली खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकत ते सावकाश खाली बसले, हेरंबाच्या पानासमोर. जाड भिंगाचा चष्मा सारखा केला. वहीत काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला...

आणि त्यांनी आपला हात वहीच्या उघड्या पानावर आडवा ठेवला.

हाताला खीर लागली होती. निळ्या ओळींवर गुळाचा डाग पसरत गेला. हेरंबाने एरवी वहीवर पाण्याचा थेंब पडू दिला नसता. आज तो ‘हात काढा’ असंही म्हणाला नाही.

तो कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत होता. मग एकदा गुरुजींच्या चष्म्याकडे पाहिलं.

पेन खाली ठेवलं.

सगळी पंगत उठली होती. ओसरीवर शाळेतली पोरं हात धुऊन ओळीने उभी होती. हेरंबाचं एकच पान अडून होतं.

“पण गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “एखादा अर्थ राहून गेला तर...”

गुरुजी उठले. त्यांनी बादली उचलली. चेहऱ्यावर तोच शांतपणा, जो मी त्यांच्या तोंडावर रोज जेवणं झाल्यावर बघतो.

“ऊठ आता, हेरंबा,” ते म्हणाले. “दुसरी पंगत उभी आहे.”