सात वितींचा तुकडा

"...आता एवढंच सांगा बाबा, डबा टीव्ही खिडकीच्या अंगाला बरा की दाराच्या?"

भरतेश मगदूमनं चौकटींचा कागद दस्तगीरबाबांच्या पुढं धरला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, "माझ्या मते खिडकीच्या. काचेवर ऊन येत नाही. मोजून बघितलंय मी."

बाबा कागद निरखत राहिले. कागद उलटा होता.

"तुझ्या मते खिडकीच्या?"

"हो."

"मग मला कशाला विचारतोस बाळा?"

"आई म्हणाली."

हे मात्र खरं. जयसिंगपूरच्या या मगदुमांचं घर जैनांचं आणि बाबा गावाबाहेर चिंचेखालच्या तकियातले फकीर. पण त्या घरात बाबांना विचारल्याशिवाय चूलसुद्धा जागची हलत नसे. आजोबांच्या वेळेपासूनची रीत. भरतेशला या रीतीचं हसू यायचं. साखर कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर ज्याच्या शब्दावर चालतात, त्यानं टीव्ही कुठं ठेवायचा हे फकिराला विचारायचं!

पण आईनं निक्षून सांगितलं होतं. "भिंतीला भोक पडायच्या आधी बाबांचा पाय खोलीत पडला पाहिजे. नाहीतर मी त्या मिस्त्रीला जिना चढू देणार नाही."

आणि चार वाजता मिस्त्री येणार होता.

म्हणून बाबांना आणलं. आणलं धाकट्या भावानं, शीतलनं, मोटरसायकलवर मागं बसवून. बाबांना दारात उतरवून तो खालीच गाडीला टेकून उभा राहिला. "वर चल की," असं बाबा म्हणाले, तर म्हणाला, "वर माझं काही नाही बाबा."

बाबा एकटेच जिना चढले.

आता ते खोलीच्या उंबऱ्याशी उभे होते. उभे अशासाठी, की बसायला जागाच नव्हती.

"लई सामान आहे रं," बाबा म्हणाले.

झालं! भरतेशला एवढंच पाहिजे होतं.

त्यानं एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. हा लहानपणीचा व्हिडिओ गेम, कॅसेट खुपसून चालणारा. या त्याच्या कॅसेटी, अक्षरवार लावलेल्या. हा कॉम्प्युटर गाण्याच्या टेपवरून प्रोग्रॅम घेतो, लोक विश्वास ठेवत नाहीत. हा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर कोल्हापूरच्या भंगारातून उचलला, आता मागितला तरी देणार नाही कुणाला. या फ्लॉप्या. हा पहिला डबा टीव्ही. आणि तो खाली ठेवलाय तो दुसरा.

"दुसरा कशाला?"

"पहिला बिघडला तर."

"बिघडलाय?"

"नाही."

बाबांनी मान डोलावली, जणू फार मोठी गोष्ट कळली.

डाव्या भिंतीला एक उंच लोखंडी मांडणी टेकवून ठेवली होती. तीच आज भिंतीत पक्की ठोकायची होती. दुसरा टीव्ही, टेपवाला कॉम्प्युटर, खोकी, वायरींची वेटोळी, सगळं तिच्या पायाशी वाट बघत पडलं होतं.

तिथं आधी शीतलची खाट होती.

दोघा भावांची ही एकच खोली. आधी शीतलचं टेबल बाहेर गेलं. मग त्याचे कपडे आईच्या कपाटात गेले. आणि तीन आठवड्यांपूर्वी तो दुकानातून घरी आला, तर त्याची खाट गॅलरीत उभी करून ठेवलेली. "निदान खाटेपुरती तरी जागा ठेव," असं तो म्हणाला होता. भरतेशनं त्याला कागद दाखवला. "मापात बसत नाही. तूच बघ." शीतलनं कागद बघितला नाही. काखेत उशी मारली आणि तो त्यांच्याच भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर, पातेल्यांच्या शेजारी झोपायला गेला तो गेलाच.

भरतेशला करमत नव्हतं. पण जीव गेला असता तरी तो हे बोलला नसता.

"हा कागद कसला म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"ही खोली. एक चौकोन म्हणजे एक वीत. आणि हे तुकडे म्हणजे सामान."

लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून त्यानं प्रत्येक वस्तूचा मापाचा तुकडा कापला होता. टीव्हीचा तुकडा, टेबलाचा, मांडणीचा, खुर्चीचासुद्धा. ते कागदावर सरकवून सरकवून त्यानं महिनाभर ही खोली बसवली होती. सगळे तुकडे एकमेकांना अस्से भिडले होते, की मधे नख शिरणार नाही.

बाबांनी एकेका तुकड्यावर बोट ठेवलं.

"हा?"

"टीव्ही."

"हा?"

"मांडणी."

"आणि मी कुठं आहे?"

भरतेश हसला. "तुम्ही कसे असाल बाबा? हे सामानाचे तुकडे आहेत."

"असं कसं? मी खोलीत उभा आहे न्हवं? काप माझा एक."

"बाबा..."

"काप म्हणतो ना."

आता बाबांना नाही कोण म्हणणार? भरतेशनं कात्री घेतली, बाबांना डोळ्यांनी मापलं. "सात विती."

"आणि रुंदीला?"

"झोपलात तर दोन-अडीच."

"झोपतोच की. म्हाताऱ्या माणसानं दुसरं करायचं काय?"

पत्रिकेवरच्या गणपतीसकट भरतेशनं तुकडा कापला आणि कागदावर ठेवला. तो टीव्हीवर चढला. सरकवला, तर मांडणीवर चढला. आडवा केला, तर दार अडलं.

"नाही बसत बाबा."

"नाही?"

"अजिबात नाही. बघा ना तुम्हीच."

बाबांनी दाढी खाजवली.

"कागदावर बसत नसंल. खोलीत बघू."

आणि पुढं काय होतंय हे कळायच्या आत बाबांनी डाव्या भिंतीशी अंग टाकलं. डोकं मांडणीखाली, पाठ वायरींवर, कंबर दोन खोक्यांच्या मधे आणि पाय सरळ उंबऱ्याबाहेर गॅलरीत.

"अहो बाबा! बाबा, उठा! वायरी आहेत तिथं!"

"टोचतायत खऱ्या."

"मग उठा ना!"

"तूच काढ की." बाबांनी डोळे मिटले. "आणि उंबऱ्यावर पाय टाकून झोपू नये म्हणतात. तुझी आई बोलंल मला."

भरतेशनं वायरी काढल्या. दुसरं काय करणार? आजोबांचे गुरू जमिनीवर, आणि वायरी त्यांच्या पाठीखाली.

बाबा जरा वर सरकले. पाय अजून बाहेरच.

"अजून एक वीत," बाबा म्हणाले.

भरतेशनं खोकी गॅलरीत नेली.

"अजून थोडं."

मांडणी उचलून बाहेर ठेवली. ती काही हलकी नव्हती. टेपवाला कॉम्प्युटर तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेऊन आईच्या खोलीत ठेवून आला. शेवटी राहिला दुसरा टीव्ही. तो पोटाशी धरून, कण्हत कुथत गॅलरीत ठेवून भरतेश घामाघूम होऊन परत आला, तेव्हा बाबांचे पाय उंबऱ्याच्या आत आले होते. बाबा लांबलचक पसरले होते. सात विती, रुंदीला अडीच.

"बसला का तुकडा?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

भरतेशनं त्यांच्या पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. शीतलनं एवढीच जागा मागितली होती. त्याला नाही म्हणताना त्यानं एक खोकंसुद्धा हलवून बघितलं नव्हतं.

तेवढ्यात सदलगे मिस्त्री ड्रिल घेऊन दारात हजर.

"भोक कुठं पाडायचं साहेब?"

भरतेशनं भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. बरोबर बाबांच्या डोक्यावर.

मिस्त्रीनं खाली बघितलं. "आणि हे?"

"हे... बाबा आहेत."

"ते दिसतंय. उठणार कधी?"

"आधी झोपू तरी दे," खालून आवाज आला.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि गॅलरीत जाऊन ड्रिलच्या पेटीवर बैठक मारली.

"उशी पाहिजे," बाबा म्हणाले.

भरतेशची आई जिन्यातच उभी होती. सगळं ऐकत. तिनं गॅलरीतून खाली हाक मारली, "शीतल! बाबांना उशी पाहिजे रे!"

बाबांना उशी पाहिजे म्हटल्यावर कुठला रुसवा आणि काय? आईच्या खोलीतली उशी घेऊन शीतल दारात आला. मोठ्या भावाकडं न बघता त्यानं ती बाबांच्या डोक्याखाली सरकवली. मग सरळ होऊन खोलीकडं बघितलं... आणि बघतच राहिला.

डावी भिंत मोकळी होती.

"बरं, मी खाली आहे," तो कुणाला तरी म्हणाला.

"थांब," बाबा म्हणाले. "मला शांततेत झोप येत नाही. तकियात कावळे असतात, कुत्री असतात. इथं तर मसणवट आहे. काहीतरी आवाज करा दोघं मिळून."

"कसला आवाज बाबा?"

"तो टीव्ही काय नुसता बघायला ठेवलाय?"

भाऊ भावाकडं बघेना.

भरतेशनं मुकाट्यानं कॅसेट खुपसली. रणगाड्यांची. पडद्यावर विटांचा किल्ला आला, सुरुवातीचं ते टिंग टिंग वाजलं. पहिला रिमोट नेहमीच्या जागी होता. दुसरा भिंतीवर खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो त्यानं काढला, पिशवी फाडली आणि शीतलपुढं धरला.

"हात पुसून घे," तो सवयीनं बोलून गेला. आणि जीभ चावली.

शीतलनं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग दोन्ही हात पँटला खसाखसा पुसले, बाबांच्या कडेनं आत आला आणि मांडी घालून बसला. गुडघ्याला गुडघा लागला.

भरतेश या खेळात पोचलेला होता. एकट्यानं सगळ्या फेऱ्या पार करायचा. रोज रात्री करायचा. शीतल म्हणजे या कामातला पहिल्यापासूनच दगड. पहिली फेरी कशीबशी निघाली. दुसरीत शीतलनं शत्रू सोडून आपल्याच किल्ल्याच्या भिंतीवर गोळे झाडायला सुरुवात केली.

"अरे, तिकडं! तिकडं बघ!"

"तू मधी येऊ नको!"

"मी मधी? येड्या, किल्ला आपला आहे तो!"

"मग सांगायचं की आधी!"

"बारा वर्षांचा होतास तेव्हापासून सांगतोय!"

धडाम! किल्ला गेला.

शीतलच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. भरतेशनं ओठ आवळून धरून बघितले, ते राहिले नाहीत. दोघं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि "चहा सांडाल रे," म्हणाली.

"साहेब," मिस्त्रीनं गॅलरीतून मान आत घातली, "भोकाचं काय करायचं?"

भरतेशनं मोकळ्या भिंतीकडं बघितलं. पेन्सिलीच्या खुणा अगदी सरळ रेषेत होत्या. किती मेहनतीनं काढल्या होत्या!

"नको मिस्त्री," तो म्हणाला. "तिथं खाट येणार आहे."

शीतलनं रिमोट नीट पँटला पुसला. आणि मग गॅलरीत जाऊन खाटेचं एक टोक धरून उभा राहिला.

"आता एकटा उचलू का मी?" तो म्हणाला.

बाबा उठून बसले. उशी झटकली, काठी शोधली.

"उठलात का बाबा?"

"एवढ्या गोंगाटात झोपतो कोण?"

"मी सोडतो तुम्हाला," शीतल म्हणाला.

"तू खाट धर. मला मिस्त्री सोडंल. तसाही रिकामाच चाललाय."

बाबा जिना उतरायला लागले. खाट आत आली, भिंतीला लागली, तसा भरतेश धावत जिन्याच्या तोंडाशी आला.

"बाबा, एक विचारू?"

"टीव्हीचं?"

"नाही." तो घुटमळला. "तीन आठवडे मी एकटा खेळतोय. रोज जिंकलो. एक दिवस चुकला नाही. आज हा आला आणि दुसऱ्याच फेरीला माती खाल्ली..."

"मग?"

"मग मला एवढं बरं का वाटतंय?"

बाबा शेवटच्या पायरीवर पायानं चप्पल चाचपत होते. एक सापडली. दुसरी सापडली. त्यांनी वर बघितलं.

"पुन्हा हर. कळंल."