अंगाऱ्याचं विसर्जन

गिलिटवाडी म्हणून एक गाव होतं. तिथं घरोघर मुलाम्याचे कारखाने होते. कुणी नळांवर निकेल चढवी, कुणी सायकलच्या दांड्यांवर क्रोम. मळकं पितळ हौदात जाई आणि आरशासारखं होऊन बाहेर येई. मागं उरे ते पाणी. हिरवट, पिवळं, घशाला डसणाऱ्या वासाचं. ते गटारातून ओढ्यात जाई आणि ओढ्यातून गावच्या तळ्यात. गाव त्याच तळ्याचं पाणी पीत असे.

यात काय चुकतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण गिलिटवाडीत अक्कल वयावर मोजत. वय आपोआप वाढतं, त्यासाठी माणसाला काहीच करावं लागत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. त्यामुळे गावातल्या पाच म्हाताऱ्या पंचांचा शब्द शेवटचा. त्यांचे मुखिया होते हरबाअण्णा तांबट. पंचांच्या घरी मात्र तळ्याचं पाणी नसे. त्यांच्या ओसरीवर विकतच्या पाण्याचे जार असत.

क्रोमच्या वाफेनं गावातल्या कारागिरांच्या नाकाचा पडदा झिजे आणि त्याला भोक पडे. मग श्वास घेताना बारीक शिट्टी वाजे. पंचांनी या शिट्टीचा मान करून ठेवला होता. पोराची शिट्टी वाजली की हरबाअण्णा त्याच्या पाठीवर थाप मारत. “वाजली रे वाजली! आता तू खरा कारागीर.” पोराचा बाप पेढे वाटे. पंच पेढे खात. पंचांच्या स्वतःच्या पोरांची नाकं मात्र शाबूत होती. ती हिशेबाच्या खोलीत बसत.

भिवा तांबटाची शिट्टी वाजली तेव्हा त्याची बहीण तुळजा शहरात रसायनशास्त्र शिकत होती. ती दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडून परत आली. पंच तिला ‘अर्धवट’ म्हणू लागले. पण येताना तिनं एक गोष्ट पक्की शिकून आणली होती.

ती गोष्ट म्हणजे लोखंडाची काळी पूड. साधीसुधी नाही. तिच्या एका कणापुढं पिठाचा कण डोंगर वाटावा, इतकी बारीक. शास्त्रात तिला नॅनो म्हणतात. वस्तू जितकी बारीक करावी तितकं तिचं अंग उघडं पडतं, आणि जितकं अंग उघडं तितकी दुसऱ्याला चिकटायला जागा. कारखान्याच्या पाण्यात ती पूड घालून घुसळली की विरघळलेलं क्रोम आणि निकेल तिच्या अंगाला जाऊन चिकटे. मग टाकीच्या तळाशी मोठं लोहचुंबक लावायचं. पूड धातूंना कवटाळून खाली बसे. वरचं पाणी मोकळं होई.

तुळजानं भिवाच्या कारखान्यात टाकी बसवली. पंच बघायला आले आणि हसून गेले.

“काय गं, राखेनं पाणी धुणार?” हरबाअण्णा म्हणाले.

“पाणी धुतेय अण्णा. माणसं धुवायची पूड अजून निघाली नाही.”

पाण्याची बाटली शहरात तपासायला गेली. अहवाल चांगला आला. मग शेजारच्या कारखान्यानं टाकी मागितली, मग त्याच्या शेजारच्यानं. तळ्याकडं जाणारा ओढा हळूहळू ओढ्यासारखा दिसू लागला. तेव्हा पंचांचं हसू गेलं आणि त्यांनी सगळा मान आपल्याकडं ओढून घेतला. वर्तमानपत्रवाला आला तर हरबाअण्णा टाकीपाशी उभे राहून सांगू लागले, “ही आमच्या पिढ्यांची पुण्याई.” तुळजा मागं पुडीचं पिंप उचलत होती. फोटोत तिची पाठ आली.

ते तिनं सोडून दिलं. कारण तिच्यापुढं दुसराच प्रश्न होता. विष पाण्यातून निघालं होतं, जगातून नाही. ते आता वापरलेल्या पुडीत बसलं होतं, आणि ती पूड पिंपांत साठत चालली होती. असा कचरा नेऊन बंदिस्त करणारी गाडी शहरातून यायची, पण ती येईल तेव्हा येईल. तोवर पिंपं कोरड्या, पक्क्या, कुलूप लागणाऱ्या जागी ठेवायला हवी होती. गावात सगळीकडं ओल. सिमेंटची पक्की, उंच जोत्याची खोली एकच होती. ती म्हणजे पंचांची बैठक. गुळगुळीत फरशी, गाद्या, तक्के, डोक्यावर पंखा. पंच दिवसभर तिथं लोळून गावाची काळजी करत.

तुळजानं बैठक मागितली.

“आमची बैठक तुझ्या घाणीला?” हरबाअण्णा ताडकन उठून बसले. “बसायचं कुठं आम्ही?”

“घाण माझी नाही अण्णा. ज्या मुलाम्यावर गाव मोठं झालं, त्याची आहे.”

“तोंड सांभाळ. मोठ्यांशी बोलतेयस.”

पंचांनी दार लावून खल केला. गाडी येईस्तोवर पिंपं कारखान्यातच अडून राहिली असती तर टाक्या बंद पडल्या असत्या, आणि टाक्यांबरोबर पंचांना मिळालेला मानही गेला असता. बैठक तर द्यायची नव्हती. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती अशी होती की तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती होऊ नये.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी गेली. ज्या पुडीनं पाणी पवित्र केलं ती पूड नव्हेच, तो अंगारा आहे. पवित्र वस्तू उकिरड्यावर टाकत नाहीत, कोंडूनही ठेवत नाहीत. ती पाण्यातच सोडायची. सबब, अंगाऱ्याचं तळ्यात विसर्जन होईल. वाजंत्री पंचांतर्फे.

गावानं मान डोलावली. देवाची फुलं पाण्यात, गणपती पाण्यात, कलशावरचा नारळ पाण्यात. वापरून झालेली पवित्र वस्तू पाण्यात द्यायची हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. कुणाला काही खटकलंच नाही.

“आई, पकडलेला चोर पुन्हा घरात सोडायला निघालेत हे,” तुळजा म्हणाली.

“असू दे गं. चारचौघांत मोठ्यांना उलट बोलू नये,” आई म्हणाली. “उद्या भिवाच्या कारखान्याला कुणी काम देणार नाही. तुझं लग्न कोण जमवेल?”

तुळजानं चप्पल घातली आणि तळ्यावर जाऊन पायरीवर उभी राहिली.

मिरवणूक आली. पिंपांना झेंडूच्या माळा, वर गुलाल, पुढं ताशा. भिवा आणि त्याच्या जोडीची पोरं पिंपं खांद्यावर घेऊन चालली होती, कारण जड उचलायला तरुण लागतात. पंच मोकळ्या हातांनी पुढं होते. हरबाअण्णांची बायको भागीरथीकाकू आरतीचं ताट घेऊन आली होती.

“बाजूला हो,” हरबाअण्णा म्हणाले.

“होणार नाही.”

ताशा थांबला.

“अख्ख्या गावापुढं वडीलधाऱ्यांचा अपमान करतेस?”

“मान ठेवायलाच आलेय. अण्णा, हा अंगारा आहे ना?”

“आहे.”

“मग अंगारा आधी कपाळाला लावतात आणि चिमूटभर जिभेवर ठेवतात. उरलेला पाण्यात सोडतात. तुम्ही गावचे मोठे. पहिला मान तुमचा. घ्या.”

तिनं एका पोराला पिंप पायरीवर टेकवायला लावलं आणि त्याचं झाकण उघडलं. आत काळा, ओलसर चिखल होता. हरबाअण्णांनी इतर पंचांकडं पाहिलं. एक पंच माळेतला झेंडू कुस्करू लागला. दुसऱ्याला नेमका खोकला आला.

“आमचा आज उपास आहे,” हरबाअण्णा म्हणाले.

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“उपासाला अंगारा चालतो हो,” भागीरथीकाकू म्हणाल्या. त्या मनापासून भाविक होत्या. त्यांना नवऱ्याची लाज राखायची होती. त्यांनी ताट खाली ठेवलं, पिंपात बोटं घातली आणि चिमूट तोंडाकडं नेली. तुळजा त्यांचा हात धरायला झेपावली. पण तिच्याआधी हरबाअण्णा ओरडले.

“टाक! टाक ते! विष आहे ते!”

काकूंचा हात तोंडापाशी थांबला. सगळं तळं ऐकत होतं. त्यांनी सावकाश बोटं पदराला पुसली आणि नवऱ्याकडं पाहिलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

हरबाअण्णा उपरण्यानं मान पुसू लागले.

“म्हणून घरात जार. माझ्या तोंडात चिमूटभर नको, आणि गावाच्या तोंडात पिंपंच्या पिंपं चालतात होय?”

“अगं, चारचौघांत...” हरबाअण्णा पुटपुटले.

“चारचौघांतच विचारतेय.”

भिवानं खांद्यावरचं पिंप खाली ठेवलं नाही. तो वळला. त्याच्या मागं बाकीची पोरं वळली. ताशेवाल्याला काही कळेना, तो पुन्हा वाजवू लागला. तसाच वाजत गाजत जथा गावात परतला आणि सरळ बैठकीत शिरला. तुळजानं पिंपांच्या माळा काढून टाकल्या आणि प्रत्येक पिंपावर रंगानं ठळक ‘विष’ असं लिहिलं. पोरांनी गाद्या बाहेर काढल्या, तक्के बाहेर काढले. पिंपं भिंतीला लावून उभी केली. दाराला कुलूप घातलं.

पंच रस्त्यात आपापल्या तक्क्यांपाशी उभे होते.

“पोरी, आता आम्ही बसायचं कुठं?” हरबाअण्णांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

तुळजानं किल्ली कनवटीला लावली.

“तळ्यावर बसा,” ती म्हणाली, “आणि कुणी काही टाकायला आलं तर हाकला. काळजी करायची सवय तुम्हाला आहेच. आता थोडी राखण करा.”

तात्पर्य: जे स्वतःच्या जिभेवर ठेवायची तयारी नाही ते दुसऱ्याच्या पाण्यात सोडणारा वयानं कितीही मोठा असो, त्याला वाट देऊ नये, आणि विष नुसतं पकडून भागत नाही, ते पुन्हा सुटणार नाही याचा बंदोबस्त होईपर्यंत काम संपलं असं समजू नये.