हुंकाराचं टाकं

पाहुणे, खुशाल वाका, या टाक्याचं पाणी प्या, गोड आहे. पण पोथी चालली असताना तोंडातून 'हूं' काढू नका बरं का! आमच्या कातळवडीत ओवी संपली की हुंकार कुणी देत नाही. सगळे छातीवर हात ठेवून गप्प बसतात. का, ते सांगतो.

फार जुनी गोष्ट. श्रावणात नरहरभट पुराणिक याच काठावर पोथी सांगायचे. ओवी झाली की श्रोत्यांतल्या एकानं 'हूं' म्हणायचं, वाचणाऱ्याला हुरूप येतो. तो मान यसाईच्या तानीचा. एवढीशी पोर, पण एक ओवी चुकवायची नाही. यसाई विधवा, तिला त्या लेकराशिवाय कुणी नव्हतं. एके दिवशी पोथीआधी पाय धुवायला तानी टाक्यात उतरली, शेवाळावरून घसरली आणि गेली.

सुतक फिटल्यावर पोथी पुन्हा सुरू झाली. पहिली ओवी झाली. हुंकार द्यायला कुणाची जीभ उचलेना. आणि टाक्यातून आवाज आला म्हणे, जरा नाकातला, तानीचाच, 'हूं.'

माणसं जी उठली, ती थेट घरी! पुढं या टाक्याचं पाणी कुणी तोंडाला लावेना. बाया पार खालच्या ओढ्यावर जायच्या. भट मात्र नेम मोडीनात आणि यसाई काठ सोडीना. रोज ओवीमागून येणाऱ्या त्या एका 'हूं'वर ती जगत होती.

शेवटी गावानं ठरवलं, पोथीची समाप्ती करून हुंकारासाठी अडकलेल्या पोरीला मोकळं करायचं. सगळा गाव काठावर जमला. शेवटचा अध्याय निघाला तशी यसाईनं पोथीवर दोन्ही हात ठेवले.

"भटजीबाबा, नका हो संपवू. एवढा आवाजच उरलाय माझ्यापाशी. तोही नेता?"

भटांचे डोळे भरून आले. "यसाई, पोरीनं त्या गार अंधारात किती दिवस बसायचं गं?"

तिचे हात आपोआप बाजूला झाले.

शेवटच्या ओवीचा अर्थ असा, की ऐकणारा देव बाहेर कुठं नाही, ज्याच्या त्याच्या आतच जागत बसला आहे. भटांनी तो जन्मभर घोकलेला. त्या दिवशी मात्र सांगताना त्यांनी पोथीवरून नजर काढून यसाईकडे पाहिलं. ओवी संपली. टाकं गप्प.

"तानी! अगं, हूं म्हण ना!" यसाईनं हंबरडा फोडला, ऊर बडवला आणि बडवता बडवता तिचा हात छातीवरच थांबला. आतून आलं होतं, 'हूं.' तोच आवाज, तसाच जरा नाकातला. तिनं वर पाहिलं, तर भटांचाही हात छातीवर, चेहरा पांढराफटक. मागं सगळी सभा तशीच. कुणाला कुणाचा आवाज आला, हे विचारायची छाती कुणालाच झाली नाही.

"देव देव म्हणता तो हाच का हो?" यसाई म्हणाली. "हा तर माझ्या तानीच्या आवाजात बोलतोय."

भटांनी पोथी मिटली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं, असं सांगतात. मग यसाई टाक्यात उतरून पहिली ओंजळ स्वतः प्यायली.

आजही समाप्तीला पोथी मिटली की सगळे हात छातीवर जातात. बाया आपल्याच छातीशी हळूच विचारतात, "बाय, आहेस ना?" आणि आतून उत्तर आल्याशिवाय इथून कुणी उठत नाही.