बकुळाच्या बोटाची कहाणी

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. दाट धुकं पडलं होतं, अंगणातल्या बांबूच्या कामट्यांवर दंव साचलं होतं. ऐका वाचादेवी, तुमची कहाणी. आटपाट गावात बुरूडआळी होती. तिथं टोपल्या विणणारा म्हातारा सोनबा राहत असे. त्याला सून होती, बकुळा नावाची नात होती. सोनबाला अक्षर ठाऊक नव्हतं. मनात एकच होतं, घरची पोथी घरच्या लेकरानं वाचावी.

मग घट मांडला. आळीतल्या बाया जमल्या, मुठीत अक्षता धरल्या. बकुळा वाचू लागली. एका शब्दाला अडली, दुसऱ्याला अडली, तिसऱ्याला अडली. आई म्हणाली, "अगं, पोथी मध्येच थांबवू नये, देवी कोपते!" तिनं पोथी ओढली, आपण संपवली. दुसऱ्या गुरुवारी तसंच झालं. तिसऱ्या गुरुवारी बकुळा टोपल्यांमागं लपली. "आजोबा, मी पोथीला हात लावायची नाही."

सोनबाला घास गोड लागेना. मग तो शेजारच्या गोदाक्काकडं गेला.

"अक्का, काही उपाय सांगा."

"उपाय आहे, पण तू कंटाळशील, खेकसशील, पोरीच्या तोंडचा शब्द हिसकावशील."

"कंटाळणार नाही, खेकसणार नाही, हिसकावणार नाही."

"मग ऐक. रोज दिवेलागणीला एकच पान तीनदा वाचायचं. पहिल्यांदा मी वाचीन, तिनं ओळीवर बोट फिरवावं. दुसऱ्यांदा आम्ही दोघी. तिसऱ्यांदा तिनं एकटीनं. अडली तर पाच दम, पाच श्वास थांबावं, मगच मी सांगीन."

"आणि मी काय करू? मला कुठं वाचता येतं?"

"हुंकार देता येतो ना? लेकराला ऐकणारं माणूस लागतं, बाबा."

सोनबानं वसा घेतला. पोथीचं पान झालं, गोष्टीचं पुस्तक झालं, साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा झाला. पोरगी अडली की सोनबा हातातली कामटी थांबवी, पाच दम मोजी. कधी शब्द येई, कधी न येई. हळूहळू आवाजातली धाप गेली.

पुन्हा मार्गशीर्ष आला. बकुळानं पोथी सरळ वाचली. एक बाई कुजबुजली, "पाठ केलंय, दुसरं काय!" मग गोदाक्कानं बकुळानं कधी न पाहिलेलं पुस्तक पुढं ठेवलं. बकुळानं ओळीवर बोट टेकलं, वाचू लागली, आणि एका लांब शब्दाला अडली. आईचा हात पुढं आला. सोनबानं आपला हात आडवा केला. "थांब, सूनबाई." एक दम गेला, दोन दम गेले, तिसऱ्याला बोट हललं, शब्द सुटला, पान संपलं.

सोनबाच्या जिवात जीव आला. तसा तो ऐकणाऱ्या सगळ्यांच्या जिवात येवो. बायांनी अक्षता वाहिल्या. सोनबा मात्र अक्षतांची मूठ तशीच आवळून बसलेला. तेव्हा गोदाक्का हसून म्हणाली, "सोनबा, मूठ सोड आता. साठा अडखळ्यांची कहाणी पाचा दमांत सुफळ झाली."