आजी पिशवी उचलेना

इटली देश. लांब. इतका लांब, की जाताना विमानसुद्धा दोनदा जांभई देतं.

तिथे एक चौक. चौकात बाजार. उघड्यावर, मोठ्या मोठ्या छत्र्यांखाली. टोमॅटोचे ढीग. माशांच्या पाट्या. चीजची चाकं. हो, चाकं! गाडीच्या चाकाएवढी!

एका चाकाचा पडला कण. तो मिळाला मुंगीला. घरी तिचा धाकटा भाऊ, भुकेला. मुंगीने कण डोक्यावर घेतला आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु... हुश्श!

अर्ध्या चौकात मुंगी दमली. कण खाली ठेवून जरा टेकली. तेवढ्यात, धप्प! एर्नेस्ता आजीने पिशवी ठेवली. बरोब्बर कणावर!

"आजी, आजी, पिशवी उचल ना!"

"छे गं बाई! दमले मी. पाय कुरकुरतायत. भाजी घेतली, पण वरची तुळस कुठंय? तुळस मिळाली, की उचलेन."

तिथली रीतच तशी. भाजी घ्या, वर गोड वासाची तुळस मिळते. आपल्याकडे कोथिंबीर मिळते ना, तशी. ती घेतल्याशिवाय आजी हलते कसली!

मुंगी गेली भाजीवाल्या तुलियो काकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु... हुश्श!

"काका, काका, तुळस द्या ना!
आजी पिशवी उचलेना,
कण माझा सुटेना!"

"छे गं बाई! दमलो मी. ओरडून ओरडून घसा बसला. आणि तुळस बघ, मान टाकून पडलीय. अशी दिली तर आजी मलाच पिशवीत घालेल! नळाने पाणी सोडलं, की देईन."

मुंगी गेली नळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु... हुश्श!

"नळा, नळा, पाणी सोड ना!
काका तुळस देईना,
आजी पिशवी उचलेना,
कण माझा सुटेना!"

"म्फ्फ! छे गं बाई! दमलो मी. तोंडावर कबुतराचं बूड! ते उठलं, की सोडेन. म्फ्फ!"

मुंगी चढली नळावर. तुरुतुरु, तुरुतुरु... हुश्श!

"कबुतरा, कबुतरा, ऊठ ना!
नळ पाणी सोडेना,
काका तुळस देईना,
आजी पिशवी उचलेना,
कण माझा सुटेना!"

"छे गं बाई! दमलो मी. पाव खाऊन खाऊन दमलो. घंटा वाजली, की उठेन."

घंटा उंच मनोऱ्यावर. मुंगी चढली, चढली, चढली. तुरु... तुरु... हुश्श!

"घंटे, घंटे, वाज ना!
कबुतर जागचं उठेना,
नळ पाणी सोडेना,
काका तुळस देईना,
आजी पिशवी उचलेना,
कण माझा सुटेना!"

"छे गं बाई! दमले मी. लोंबकळून लोंबकळून दमले. बोक्याने दोरी सोडली, की वाजेन."

"बोका कुठंय?"

"खाली."

"अगं, मग खालीच नाही का सांगायचं!"

मुंगी उतरली, उतरली, उतरली. तुरु... तु... हुश्श! बोका दोरीवर पसरला होता.

"बोक्या, बोक्या, दोरी सोड ना!
घंटा टणटण वाजेना,
कबुतर जागचं उठेना,
नळ पाणी सोडेना,
काका तुळस देईना,
आजी पिशवी उचलेना,
कण माझा सुटेना!"

"छे गं बाई! दमलो मी. झोपून झोपून दमलो. आता जरा झोपतो."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. मुंगीचे पाय म्हणाले, बास. समोर काहीतरी मऊ मऊ होतं. मुंगी त्याच्यावरच आडवी झाली.

ते होतं बोक्याचं नाक!

नाकात गुदगुली. आँ... आँ... आँऽऽछी!

बोका उडाला, टुण्ण! नख अडकलं दोरीत.
दोरी ताणली, घंटा वाजली. टण्ण! टण्ण!
घंटा वाजली, कबुतर उठलं. फडफड! फडफड!
कबुतर उठलं, पाणी सुटलं. भळभळ! भळभळ!
पाणी सुटलं, तुळस ताठ झाली. काकांनी दिली मोठ्ठी जुडी.
आजीने वास घेतला. हूंऽऽ! आजीने पिशवी उचलली. हुप्प!

कण सुटला! चपटा झाला होता, पापडासारखा. पण होता.

मुंगीने तो डोक्यावर घेतला. एक पाऊल. हुश्श! पुढचं पाऊल उचलेचना.

आजी वाकली. डोळे बारीक करून बघितलं.

"अगं बाई! तूसुद्धा दमलीस होय? बस पिशवीवर. सोडते तुला घरी."

आजीच्या पिशवीला छोटी चाकं. गुडगुड, गुडगुड, गुडगुड. मुंगी वर बसली, तुळशीच्या सावलीत. एक पाऊलही टाकलं नाही.

दारात भाऊ. "ताई, किती उशीर!"

ताईने कण पुढे ठेवला आणि तिथेच लवंडली. घुर्रर्र...

भाऊ खातोय. कुरुम कुरुम. हळू हळू, आवाज न करता.

श्शूऽऽ! तुम्हीसुद्धा आवाज करू नका. ताई झोपलीय.